करून बघण्यात बरंच काही जातं

डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांची ददात नाही. बाई असेल तर "झोप होत नाही का गं नीट?" आणि पुरुष असेल तर डोळा मिचकावून "काल बसला होतात वाटतं?" एवढी चौकशी झाली की उपायांची सरबत्ती. काकडीच्या चकत्या ठेव, बटाट्याचा कीस लाव, फ्रिजमधले चमचे टेकव. मीठ कमी कर, पाणी वाढव, मोबाइल लवकर ठेव. मग जावेच्या मैत्रिणीला 'भयंकर फरक पडलेलं' एखादं क्रीम. तेही लागू पडलं नाही तर पार्लरमधली ट्रीटमेंट, आणि त्यापुढे 'एक छोटंसं इंजेक्शन, चिरफाड काही नाही'. सल्ला कुठलाही असो, पालुपद ठरलेलं: "करून बघायला काय जातं?"

माझं भांडण या पालुपदाशी आहे.

त्यामागचं मत सरळ मांडलं तर असं दिसतं. डोळ्यांखालचा फुगवटा म्हणजे थकवा, म्हणजेच पर्यायाने तुमच्या वागण्याची फळं. वागणं सुधारा, तो जाईल. नाही गेला तर घरगुती उपाय करा, ते नैसर्गिक आहेत म्हणजे निर्धोक आहेत. त्याने भागलं नाही तर क्रीम लावा, फक्त चिकाटी हवी. क्रीमनेही हार मानली तर फिलर किंवा लेझर, कारण त्यात सुरी नाही. आणि शस्त्रक्रिया? छे, ते नटनट्यांचं काम. आपल्याकडे आता कोण बघतंय?

ऐकायला हे मोठं पोक्त वाटतं. सौम्य उपायापासून सुरुवात करावी, जहाल उपाय शेवटी. अडचण एवढीच, की हे सगळे उपाय एकाच गोष्टीवरचे आहेत का, हे कुणी तपासलेलंच नसतं. ते तसे नाहीत.

आधी ही पिशवी म्हणजे काय ते पाहू. डोळ्याच्या खोबणीत नेत्रगोलाला धक्का लागू नये म्हणून चरबीचं अस्तर असतं. खालच्या पापणीमागे या चरबीचे तीन कप्पे मानतात: नाकाकडचा, मधला आणि कानाकडचा. त्यांना मागे धरून ठेवायला एक पातळ पडदा असतो. वयानुसार, आणि कित्येक घरांत आनुवंशिकतेने ऐन पंचविशीतच, हा पडदा ढिला पडतो आणि चरबी पुढे येते. जुन्या गादीची शिवण उसवली की कापूस वर येतो, तसंच हे. त्याच सुमारास गालाचा उंचवटा खाली सरकतो आणि हाडाची कड उघडी पडते. फुगवटा आणि गाल यांच्यामध्ये एक खळगी तयार होते. त्यावरची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचांपैकी, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. त्यामुळे आतलं काहीच झाकलं जात नाही.

आता आरशासमोर जा. दिवसाउजेडी, खिडकीकडे तोंड करून. मान सरळ ठेवा आणि फक्त नजर वर छताकडे न्या. फुगवटा जास्त उठून दिसला तर ती बहुधा चरबी आहे, कारण वर बघताना ती पुढे ढकलली जाते. मग बोटाने डोळ्याखालच्या हाडाची कड चाचपा. फुगवटा कडेच्या वर असेल तर तो पापणीचा. कडेच्या खाली, गालावर पखालीसारखा लोंबत असेल तर ते प्रकरण वेगळं, त्याचे उपायही वेगळे. काळेपणा असेल तर त्वचा हलकेच ताणा. रंग तसाच राहिला तर तो त्वचेतला. निळसर जांभळी झाक आली तर खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. आणि उजेड थेट समोरून घेतल्यावर काळेपणा नाहीसाच झाला, तर तो रंग नव्हताच, फुगवट्याची सावली होती. या चाचणीला पैसा लागत नाही. निदान करायला डॉक्टरच हवा, पण निदान ही वस्तू असते एवढं तरी यातून कळतं. सल्लागारांच्या उपायांच्या यादीत ती कुठे होती?

आता मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला झोपेचा. रात्रीचं जागरण, खारट जेवण, रडणं, सर्दी यांमुळे डोळ्यांखाली पाणी साठतं हे खरं आहे. आडवं झोपल्यावर हे पाणी चेहऱ्याकडे येतं आणि उभं राहिल्यावर उतरतं. म्हणून असली सूज सकाळी असते आणि दुपारपर्यंत ओसरते. तिच्यापुरता झोपेचा आणि मिठाचा सल्ला मला मान्य आहे. पण संध्याकाळी पाचलाही तेवढीच असलेली, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतही दिसणारी पिशवी? ती कित्येकदा तुमच्या आईच्या लग्नाच्या अल्बममध्येही सापडेल, कारण ती तिच्याकडूनच आलेली असते. तिला झोपेचं औषध सांगणं म्हणजे टकलावर लवकर उठण्याचा उपाय सुचवण्यासारखंच झालं. पण टकलाच्या माणसाला कुणी "काल बसला होतात वाटतं?" असं विचारत नाही. डोळ्यांखालच्या पिशव्यांना मात्र सगळं गाव चारित्र्याचा दाखला मागतं.

आणि या झोपेच्या सल्ल्याने नुकसान होत नाही असं कोण म्हणतं? लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजलेले दिसतात, घरची माणसं ॲलर्जी म्हणतात, थंड पट्ट्या ठेवतात. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाण्याच्या आजाराची सुरुवात नेमकी अशीच होऊ शकते, आणि लघवीच्या साध्या तपासणीत ती कळते. मोठ्या माणसात थायरॉइडच्या दुखण्याने पापण्या सुजतात, कधी डोळे पुढे येतात. नाकाच्या जुनाट ॲलर्जीने आणि सतत डोळे चोळण्याने डोळ्यांखाली सूजही येते आणि काळेपणाही. सूज एकाएकी आली, एकाच डोळ्याला आली, तिच्याबरोबर दुखणं किंवा अंधुक दिसणं असलं, तर हातातली काकडी कोशिंबिरीत घालावी आणि डॉक्टर गाठावा.

दुसरा मुद्दा घरगुती उपायांचा. काकडी ठेवल्यावर बरं वाटतं हे मी नाकारत नाही. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज थोडा वेळ उतरते. पण श्रेय गारव्याचं आहे, काकडीचं नाही. गार पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल हेच काम फुकटात करतो. चहाच्या थंड पिशव्या, गोठवलेले चमचे, बटाटा यांची बहुतेक मिळकत या गारव्यावरच चालते, आणि चरबीवर त्यातल्या एकाचाही काडीमात्र परिणाम होत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा तर कमालीचा भाबडेपणा आहे. लिंबूही नैसर्गिकच आहे, बिब्बाही नैसर्गिकच आहे. लिंबाचा रस आणि बेकिंग सोडा डोळ्यांखाली चोपडून ही पातळ त्वचा भाजून घेणारे लोक आहेत. त्या भाजण्यातून सावळ्या कातडीवर जो डाग उठतो, तो मूळच्या काळेपणापेक्षा चिवट असतो. करून बघायला काय गेलं, हे त्यांना विचारावं.

तिसरा मुद्दा क्रीमचा, आणि धंदा इथे सुरू होतो. थोडं न्यायाने बोलू. रेटिनॉइड गटातली औषधं महिनोन्‌महिने लावली तर बारीक सुरकुत्यांवर फरक पडतो. डोळ्यांजवळ ती झोंबतात, म्हणून ती डॉक्टरला विचारूनच लावायची. कॅफिनने सूज थोडा वेळ उतरते. सनस्क्रीनने काळेपणा वाढायचा थांबतो. एवढ्यावर क्रीमची कर्तबगारी संपते. पडद्याच्या मागे बसलेल्या चरबीपर्यंत बरणीतला कुठलाही पदार्थ पोचत नाही. पोचला असता, तर तो बोटाने लावून बघायला दुकानात मांडून ठेवला नसता.

कायदाही हेच सांगतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छता, शोभा, आकर्षकता यांसाठी किंवा नुसतं दिसणं बदलण्यासाठी वापरायची वस्तू. आजार बरा करणं हे तिचं काम नाही. म्हणून खोक्यावरची भाषा नीट वाचा. 'फुगवटा जातो' असं क्वचितच लिहिलेलं असतं. 'फुगवटा कमी दिसण्यास मदत' असं असतं. वकिलाने तपासलेल्या त्या वाक्यात दिसण्याची हमी नाही आणि मदतीला मोजमाप नाही. त्या नसलेल्या हमीसाठी माणसं दर महिन्याला पैसे मोजतात.

मोबाइलवर फिरणारे ते व्हिडिओही आठवा. बाई एका डोळ्याखाली काहीतरी लावते, हाताने वारा घालते आणि दहा मिनिटांत पिशवी गायब! यातल्या बऱ्याच उत्पादनांत सिलिकेटसारखा पदार्थ असतो. तो सुकला की त्याची पातळ फिल्म तयार होते आणि ती त्वचा ताणून धरते. खोटं काही नाही, फक्त व्हिडिओ योग्य वेळी थांबतो. बाई हसली, घाम आला, तोंड धुतलं की फिल्म निघाली आणि पिशवी होती तिथेच. 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंची गंमतही तशीच. 'आधी'चा दिवा डोक्यावर असतो आणि हनुवटी खाली. 'नंतर'चा दिवा समोर असतो आणि हनुवटी किंचित वर. सावली गेली की निम्मी पिशवी तशीही जातेच.

क्रीममधला खरा धोका मात्र औषधाच्या दुकानात आहे. "काळेपणावर काहीतरी द्या हो" म्हटल्यावर काउंटरवरून जी ट्यूब सरकते, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ती बहिणीला आणि भाचीला सुचवली जाते. महिने उलटले की त्वचा आणखी पातळ होते, लाल होते, लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की भडका उडतो. डोळ्यांजवळ स्टेरॉइड फार दिवस लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. पिशवी जागच्या जागी राहते आणि दृष्टी पणाला लागते. 'काय जातं?' याचं यापेक्षा रोखठोक उत्तर आणखी कुठलं हवं?

चौथा मुद्दा फिलर आणि लेझरचा, म्हणजे 'चिरफाड काही नाही' या मंत्राचा. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर खळगी भरतं. चांगल्या हाताने, योग्य माणसात भरलं तर फुगवटा आणि गाल यांच्यातली दरी बुजते आणि चेहरा ताजा दिसतो. पण ते खळगीसाठी आहे, फुगवट्यासाठी नाही. डोळ्यांखालच्या भागासाठी पहिलं फिलर अमेरिकेच्या एफडीएने २०२२ साली मंजूर केलं, तेही खळगीवरचा उपाय म्हणूनच. शिवाय हे ॲसिड पाणी धरून ठेवतं. ज्याला आधीच सूज येते, त्याला फिलरने ती वाढते. फार वरच्या थरात भरलं तर त्वचेखालून निळसर छटा दिसते. आणि फार क्वचित, सुईतला माल रक्तवाहिनीत शिरून उलटा डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत गेला, तर दृष्टी जाते, ती बहुधा परत येत नाही. हे फिलर विरघळवायचं एन्झाइम हाताशी नसलेल्या खोलीत, डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातून ही सुई घ्यायची आणि वर म्हणायचं, चिरफाड काही नाही!

लेझर आणि केमिकल पीलने त्वचा थोडी आवळते, बारीक सुरकुत्या कमी होतात. पण त्यांची ख्याती बहुतांशी गोऱ्या कातडीवर झालेली आहे. आपल्या सावळ्या कातडीला उष्णतेची इजा झाली की ती डाग धरते. म्हणून इथे सेटिंग जास्त जपून निवडावं लागतं, हात आणि अनुभवही गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त लागतो. दिवाळीच्या ऑफरमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेताना या तीन गोष्टींबद्दल किती जण विचारतात? आणि चरबी पुढे आलेली असताना वरची त्वचा कितीही आवळली, तरी आतल्या चरबीला काय फरक पडणार?

आता शेवटचा मुद्दा, ज्यावर सगळे सल्लागार एकमताने नाक मुरडतात: शस्त्रक्रिया. तिला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. हे नाव जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी १८१८ साली दिलं. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने चरबी काढायची वाट फ्रेंच शल्यविशारद बुर्गे यांनी १९२० च्या दशकात दाखवली. म्हणजे ज्याला आपण कालचं फॅड म्हणतो, ते शंभर वर्षं जुनं आहे. आज ही शस्त्रक्रिया दोन वाटांनी होते. त्वचा फार सैल नसेल तर पापणीच्या आतून, बाहेर टाका न दिसता. त्वचा काढायची असेल तर पापण्यांच्या केसांच्या अगदी खालून बारीक छेद घेऊन. पूर्वी चरबी सरसकट काढून टाकत, त्यामुळे काही वर्षांनी डोळे खोल गेलेले दिसत. आता बरेच सर्जन ती काढण्यापेक्षा खाली सरकवून खळगीत बसवतात. एकाच कामात फुगवटाही जातो आणि दरीही भरते. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. सूज आणि काळंनिळेपण दोनेक आठवडे असतं, आकार पूर्ण बसायला काही महिने लागतात. पण परिणाम वर्षानुवर्षं टिकतो, कारण इथे मुळावर हात घातलेला असतो.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. पापणी खाली ओढली जाऊ शकते, डोळे कोरडे पडू शकतात, दोन डोळ्यांत फरक राहू शकतो. अगदी क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी धोक्यात येते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर एकाएकी तीव्र दुखलं किंवा अंधुक दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, रक्तदाब, कोरडे डोळे, थायरॉइड, हे सगळं आधी सर्जनला सांगायला हवं. त्वचेतला काळा रंग या शस्त्रक्रियेने जात नाही, गालावरच्या पखालीही जात नाहीत. पण फरक बघा. इथे धोका काय, फायदा काय, कुणाला करायची नाही, हे संमतिपत्रावर लिहिलेलं असतं आणि खाली सही करणारा माणूस जबाबदार असतो. बरणीवर कुणाची सही आहे?

राहिला 'नटनट्यांचं काम' हा टोमणा. सुश्रुताचं नाव घेऊन भाषणात छाती फुगवायची आणि शेजारणीने पापणीची शस्त्रक्रिया केली की तोंडं वाकडी करायची, हा दुटप्पीपणा खास आपला. जुनंच उदाहरण घ्या. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून त्याला नवं नाक करून दिलं. ते वाचून युरोपातल्या शल्यविशारदांचे डोळे उघडले. "ते वेगळं, त्याचं नाक कापलं होतं," असं कुणी म्हणेल. मग सांगा, कावसजीला नाक श्वास घ्यायला हवं होतं की लोकांत उभं राहायला? नाक कापायची शिक्षा देणाऱ्यालाही ठाऊक होतं की चेहरा हा समाजातला आपला परवाना आहे. रोज ऑफिसात "बरं नाही का?" असं दहादा विचारलं जाणाऱ्या माणसाला तो परवाना नीट करून घ्यावासा वाटला, तर त्यात हसण्यासारखं काय आहे? दातांना तारा बांधताना, केसांना मेंदी लावताना, लग्नाआधी चष्म्याचा नंबर लेझरने घालवताना हे तत्त्वज्ञान कुठे जातं? विमा या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही, हे खरं. पण क्रीमचे पैसे विमा कधी देत होता?

'आपल्याकडे आता कोण बघतंय' हा तर सगळ्यांत ढोंगी युक्तिवाद. बघतंय म्हणूनच तर सल्ले देतंय!

माझं म्हणणं सर्वांनी ऑपरेशन करावं असं नाही. काहीच न करणं हाही उपाय आहे, आणि तो उत्तम आहे. पिशव्या आजीच्या होत्या, आईच्या आहेत, माझ्याही आहेत, कुणी काय म्हणायचं ते म्हणा, असं म्हणणारी माणसं मला फार आवडतात. पण तो निर्णय असतो. बरणीमागून बरणी, पार्लरमागून पार्लर, दर दिवाळीला एक नवी ट्रीटमेंट आणि मनात कायमची खंत, याला निर्णय म्हणत नाहीत. त्याला दुसऱ्याच्या उत्पन्नाचं साधन होणं म्हणतात.

म्हणून पुढची ट्यूब घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा पापण्यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. हे पाणी आहे, रंग आहे, खळगी आहे की चरबी? यामागे दुसरा आजार आहे का? तुम्ही सुचवताय तो उपाय यातल्या नेमक्या कशावर काम करतो? तिसऱ्या प्रश्नाला घुमवून फिरवून उत्तर मिळालं तर उठा आणि घरी या. पाणी असेल तर मीठ, झोप आणि ॲलर्जी सांभाळा. रंग असेल तर ऊन टाळा आणि त्वचेच्या डॉक्टरचं ऐका. खळगी असेल तर फिलरचा विचार करा, पण डॉक्टरच्याच हातून. चरबी असेल तर ती काढायला सर्जन लागतो आणि ठेवायला फक्त खंबीरपणा. दोन्हींपैकी हवं ते निवडा, दोन्ही मानाचे आहेत. तिसऱ्या कशासाठी एक रुपयाही देऊ नका.